तीननंतर पाच

६ मार्च, बुधवार

आज समितीची पहिली बैठक झाली. मला समितीत का घेतलं ते मला पुरतं ठाऊक आहे. माझ्या प्रवासी बसगाड्या आहेत, आतल्या बंदरावर माझं उपाहारगृह आहे, आणि बैठकीनंतर सगळ्यांनी जेवायला कुठे जायचं हा प्रश्न सरकारला एकदाचा सोडवून हवा होता. माझ्यापुढे पाटी ठेवली होती: 'न्गाई फोक-थिम, व्यापारी प्रतिनिधी.' पाटी चांगली जाडजूड. ज्याच्या बापाचा जन्म होडीत गेला आणि ज्याला जमिनीवरची पोरं 'ए पाणकोंबडी' म्हणून दगड मारायची, त्याला अशी पाटी बरी वाटते. खोटं कशाला बोला.

विषय असा. पोर्तुगीज जाऊन दोन वर्षं झाली. मकावचा स्वतःचा पासपोर्ट आला, पण तो दाखवला की गोरे लोक आधी नकाशा मागतात. म्हणून आता देशोदेशी करार करायचे, की आमच्या माणसांनी तुमच्याकडे, तुमच्यांनी आमच्याकडे व्हिसाशिवाय यावं, तीन महिने राहावं, परत जावं. सध्या पाळी एका युरोपी राजाच्या राज्याची आहे. त्या राजाच्या पदरी हिंदी महासागरात एक बेटही आहे, सेंट ऑरेलिया. माझा सगळा जीव त्या बेटात. ते समितीत कुणाला माहीत नाही.

बसण्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. त्यांच्याकडून बोलणार राजधानीचे ओल्सबर्ग साहेब. शेजारी बेटाच्या मंत्रीणबाई, मिसेस टोबायस, ज्यांना तोंड उघडण्याआधी ओल्सबर्गकडे बघावं लागतं. आमच्याकडून अध्यक्ष सिओ, ज्यांना तोंड उघडण्याआधी उत्तरेकडून थोरल्या सरकारने पाठवलेल्या ग्वान साहेबांकडे बघावं लागतं. ग्वान साहेब बोलत नाहीत, गरम पाणी पितात. म्हणजे दोन सुनांची बोलणी, आणि दोन सासवा राखणीला. एक सासू अखंड बोलते, दुसरी घुटके घेते.

मला इंग्रजी येत नाही अशी सगळ्यांची समजूत आहे. मी ती मोडत नाही. गोऱ्यांच्या टेबलांवर ताटं मांडत मी वर आलो. ताट मांडणाऱ्यासमोर माणसं काय काय बोलतात!

९ मार्च, शनिवार

आईने आज पुन्हा विचारलं, "आ-थिम, साहेबांनी बेटाचं काय ते काढलं का?"

"काढतील, आ-मा. आत्ताशी कुठे ओळखी झाल्यात."

"वेंग वाट बघतोय."

वेंग माझा धाकटा भाऊ. जहाजावर आचारी म्हणून गेला आणि सेंट ऑरेलियाला उतरला तो उतरलाच. तिथे नूडलचं दुकान टाकलं, बायको केली, बायको गेली, आता मूत्रपिंडं गेली. एक दिवसाआड इस्पितळात यंत्राला जोडून घ्यावं लागतं. बेटावर तसं इस्पितळ एकच. म्हणजे तो इकडे येऊ शकत नाही. आणि आईला तिकडे जाऊ देत नाहीत. हाँगकाँगला त्यांच्या व्हिसाच्या कचेरीत विचारावं तर म्हणतात, बेटाचं बेटाला विचारा. बेटाला विचारावं तर म्हणतात, राजधानीला विचारा. शेवटी एकदा अर्ज घेतला आणि फेटाळला. कारण काय, तर 'अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही.'

आईची मुलाखत घेणारं ते काचेमागचं पोर! दात घासायची अक्कल नाही आणि माणसं ओळखायला बसलंय. ऐंशीच्या पुढची बाई, जिचा मोठा मुलगा इथे, सून-नातवंडं इथे, नवऱ्याच्या अस्थी इथे, ती परक्या बेटावर काय लपून राहणार? चोऱ्या करायला? मी तिथेच त्याला सुनावणार होतो, पण मग इंग्रजी येतं हे उघड झालं असतं.

आई मात्र शांत होती. म्हणाली, "पोरगा हुशार आहे."

१४ मार्च, गुरुवार

दगा! करारात बेट नाहीच. ओल्सबर्ग म्हणतात, बेटाचे कायदे वेगळे, त्याचं पुढे कधीतरी पाहू. मिसेस टोबायस म्हणाल्या, "आमची हॉटेलं रिकामी पडलीत." ओल्सबर्गांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हॉटेलांवरून हवामानावर गेल्या.

मधल्या सुट्टीत मी सिओ साहेबांना गाठलं. "साहेब, बेटही घ्या ना. पर्यटनाला बरं."

"थिमशेठ," ते म्हणाले, "आपण राष्ट्रांच्या पातळीवर बोलतोय. बेटंबिटं नंतर."

हा माणूस राष्ट्रांच्या पातळीवर! गेल्या आठवड्यात माझ्याकडे वाफवलेल्या माशाचं डोकं आपल्याला मिळालं नाही म्हणून अर्धा तास रुसला होता. पण करार झाला की त्यांना बढती आहे, आणि बढती डोळ्यांपुढे असली की माणसाला बेटं दिसत नाहीत.

आईला सांगितलं नाही. "चाललंय," म्हटलं.

२१ मार्च, गुरुवार

मसुदा पुरा झाला. वर गेला. दोन्हीकडच्या वरिष्ठांकडे. मी डुकराच्या खिम्याची आणि परतलेल्या बटाट्याची ताटं पाठवली, लोकांनी बोटं चाटली. कुणी मजकूर वाचला असेल असं वाटत नाही.

२ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं त्याला तोड नाही.

ओल्सबर्गांच्या राजधानीतून प्रश्न आला: चौथं कलम कुठे गेलं? मसुद्यात पहिलं, दुसरं, तिसरं, आणि मग थेट पाचवं. तिकडच्या कायदेपंडितांची झोप उडालीय. मकावने आयत्या वेळी एक कलम गाळलं, त्यात काय होतं, कुणाच्या सांगण्यावरून गाळलं, ते कळल्याशिवाय सही नाही.

सिओ साहेब दोना इर्मेलिंडावर ओरडले. दोना इर्मेलिंडा आमच्या भाषांतरकार. बाप पोर्तुगीज, आई इथली, जीभ दोन्हीकडची.

"तुम्ही टंकताना खाल्लंत!"

"मी पथ्यावर आहे, साहेब, कलमं खात नाही. तुम्हीच म्हणालात, 'तीननंतर पाच घाला, इमारतींना घालतात तसं.'"

आमच्यापैकी कुणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही, ही खरी गंमत. मी राहतो त्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्यावरून पाचव्यावर जाते. माझ्या उपाहारगृहात चार नंबरचं टेबल नाही. चारला म्हणायचं 'सेइ' आणि मरणालाही 'सेइ', नुसता सुराचा फरक. मग ज्या कागदावर बढती लटकलीय त्यात कोण मुद्दाम मरण लिहील? मसुदा आमच्या सगळ्यांच्या हातांतून गेला आणि एकालाही फट दिसली नाही. मलाही नाही.

"मी अंधश्रद्धाळू नाही," सिओ साहेब म्हणाले. "पण खड्डा दिसत असताना पाय का घाला?"

"मग तसंच कळवा त्यांना," दोना इर्मेलिंडा म्हणाल्या. "'आम्ही घाबरलो' असं. दोन ओळींत होईल."

साहेबांचा चेहरा वाफवलेल्या माशासारखा झाला. ग्वान साहेबांनी पाणी ओतून घेतलं.

५ एप्रिल, शुक्रवार

आज छिंग मिंग, पितरांचा दिवस. सगळे मिळून बाबांच्या अस्थींपाशी गेलो. फुलं, भाजलेलं डुक्कर, दारूचे तीन पेले.

बाकी सगळं उरकल्यावर आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." आम्ही पायऱ्यांवर थांबलो. ती बाबांशी बोलत बसली, बोलतच बसली. ऊन वाढलं, नातवंडं कुरकुरायला लागली. मी आणायला गेलो तर ती फरशी पुसत होती, जी मी आधीच पुसली होती.

"एवढं काय सांगत होतीस?"

"हिशेबाचं." मग थोड्या वेळाने, "दरवर्षी तूच येत जा हो. माणूस पाठवू नकोस."

"मीच येतो की."

"येतोस. तरी सांगितलं."

म्हातारी माणसं एकच गोष्ट किती वेळा सांगतात!

९ एप्रिल, मंगळवार

जिंकलो. नीट लिहून ठेवतो.

सकाळपासून सिओ साहेब घामाघूम. आकडे सरकवून पाचाचा चार करावा तर दोन्हीकडच्या वरिष्ठांनी पाचाला पाच म्हणून मान्यता दिलेली. हलवलं की पुन्हा तळापासून शिडी चढा. आणि खरं सांगावं तर जगात हसं.

ओल्सबर्ग म्हणाले, "आमचा साधा प्रश्न आहे. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये काय होतं?"

"काही नव्हतं," सिओ साहेब.

"काही नव्हतं, तर काढलं का?"

"काढलं नाही. ते… राखीव आहे."

"कशासाठी?"

सिओ साहेबांनी ग्वान साहेबांकडे पाहिलं. ग्वान साहेब खिडकीबाहेर बघत होते. तिकडे एक बोट वळत होती, ती त्यांना फार आवडली असावी.

तेवढ्यात मिसेस टोबायस ओल्सबर्गांच्या कानाला लागल्या: "आमच्याबद्दल असेल. आमची माणसं यांना नको असतील." ओल्सबर्ग हळूच म्हणाले, "मलाही तोच वास येतोय." वास! बंद डब्याचा वास घेणारी ही माणसं राज्यं चालवतात.

मी सिओ साहेबांच्या बाजूला झुकलो. "साहेब, म्हणा, होय, ते बेटाचं कलम होतं. शेवटी द्यायचं म्हणून हातचं राखलं होतं."

"तुम्हाला काय कळतंय?"

"मला काही कळत नाही. पण त्यांना काहीतरी सापडल्याशिवाय ते उठणार नाहीत. मग सापडू द्या."

"पण मग चौथं कलम लिहावं लागेल! माझ्या करारात!"

"लागेल. पण त्यात नाव बेटाचं. मरण काय ते तिकडे जाईल, आपल्याला कशाला शिवतंय?"

पलीकडून दोना इर्मेलिंडा पुटपुटल्या, "देवा, हे सरकार आहे." सिओ साहेबांनी मात्र मनात तोललं, आणि त्यांचा चेहरा उजळला. उठून उभे राहून म्हणाले, "मकाव आता मन मोठं करतंय." चौथं कलम: बेटाच्या माणसांना मकावमध्ये आणि मकावच्या माणसांना बेटावर, व्हिसाशिवाय, तीन महिने.

मिसेस टोबायसनी टेबलावर थाप मारली, कुणाकडेही न बघता. ओल्सबर्ग जेवताना आपल्या माणसाला सांगत होते, "लपवत होते. मी काढून घेतलं." सिओ साहेब मला सांगत होते, "शेवटी आपल्या अटीवर आणलं त्यांना." मी दोघांच्या मध्ये बसून खेकडा फोडत होतो.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. होडीवरच्या बाया हात धरत नाहीत; त्यांचे हात रिकामे नसतात. मी म्हटलं, "तीनच महिने हं."

"कळलं," ती म्हणाली.

१७ मे, शुक्रवार

सह्या झाल्या. फुलं, फोटो, भाषणं. सिओ साहेब 'दूरदृष्टी' हा शब्द इतक्यांदा म्हणाले की मला अंधारी आली.

मनात एक किडा वळवळतोय. बायकोला म्हटलं, "आईला नेमकं चौथ्या कलमाखाली पाठवायचं, सोइ-हा?"

"तुम्ही मानत नाही ना असलं?"

"मानत नाही. म्हणून तर बंदरावरच्या देवीला उदबत्तीचा एकच पुडा लावला."

८ जून, शनिवार

आईचं सामान बघून मी कपाळाला हात लावला. तीन महिन्यांची पाहुणी आणि निघालीय घर बांधायला! खारवलेले मासे, वाळलेली संत्र्याची सालं, कढई. नवीन कढई घेऊ तिकडे, म्हटलं, तर म्हणाली, ही हाताला लागलीय. कपड्यांच्या तळाशी तिने स्वतःसाठी शिवून ठेवलेले, मेल्यावर अंगावर घालायचे कपडे, निळे, अस्तर लावलेले.

"हे कशाला, आ-मा? अपशकुन!"

"दमट हवेत कसर लागते. माझ्या डोळ्यांपुढे बरे."

जेडची बांगडी सोइ-हाला काढून दिली. म्हणे, विमानात यंत्र वाजतं. सोइ-हा घळाघळा रडली. बायकांना विमानाचं फार वाटतं.

येण्याजाण्याचं तिकीट काढल्याचं सांगितलं तर विचारते, "एकीकडचं स्वस्त पडलं नसतं?" मी पोट धरून हसलो. कितीही मजले चढवा, होडीवरची काटकसर जात नाही.

उद्या हाँगकाँगच्या विमानतळावर मी स्वतः सोडायला जाणार.

२१ जुलै, रविवार

वेंगचा फोन. आवाजात जीव आलाय. आई रोज पहाटे त्याला पेज करून घालते, इस्पितळात यंत्राशेजारी बसते, नर्सवर आपल्या भाषेत ओरडते आणि नर्स ऐकतात. दुकान पुन्हा उघडलंय. खाऱ्या माशाचा भात विकते. बेटावरच्या पोलिसांना आवडतो.

मी म्हटलं, "तिला कामाला लावू नकोस रे."

"दादा, तूच लावून बघ. कोण कुणाला लावतंय ते कळेल."

मला बरं वाटलं. थोडं वाईटही. इथे ती दिवसभर टीव्हीसमोर बसायची. मी खास मोठा टीव्ही घेतला होता तिच्यासाठी.

५ सप्टेंबर, गुरुवार

उद्या आई येते. तिच्या खोलीला रंग दिला. तिच्यासाठी मऊ गादी घेतली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

विमान आलं. आई आली नाही.

सगळे उतारू बाहेर पडेपर्यंत उभा होतो. मग सफाईवाले. मग वेंगला फोन लावला.

"दादा, मी सांगितलं तिला. विमानतळावर न्यायला टॅक्सीही आणली. तिने टॅक्सीवाल्याला जेवायला घातलं आणि परत पाठवला."

"दे तिला."

आई फोनवर आली. "आ-थिम, जेवलास?"

"आ-मा, हे बेकायदा ठरेल. मी त्या समितीवर आहे."

"हो. तुझ्यामुळेच येता आलं." मग म्हणाली, "त्या काचेमागच्या पोराला कळलं होतं. तुला कसं नाही कळलं रे?"

मी फोन ठेवला. असा कधी ठेवला नव्हता.

८ सप्टेंबर, रविवार

आज सोइ-हाला विचारलं, "मी काय कमी केलं तिला?"

"काही नाही."

"मग?"

"तुम्ही कुणालाच काही कमी पडू देत नाही. तिला करायला काही उरलंच नव्हतं इथे." बांगडी फिरवत बसली ती हातातली. मग म्हणाली, "मला जूनमध्येच कळलं होतं. तुम्ही हसत होतात, म्हणून बोलले नाही."

मी गिऱ्हाइकाच्या मनातलं त्याच्या चपलांच्या आवाजावरून ओळखतो. धंदा त्यावर उभा केला. आणि घरात…

जाऊ दे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कराराची पहिली आढावा बैठक. तीच मंडळी, तोच गरम पाण्याचा पेला. सिओ साहेबांना बढती मिळाली, खुर्ची उंच झालीय. पाय टेकत नाहीत.

ओल्सबर्गांनी अहवाल वाचला. येणारे किती, जाणारे किती. मग चष्मा काढून म्हणाले, "चौथ्या कलमाखाली मुदत संपूनही बेटावर राहिलेल्या मकावच्या नागरिकांची संख्या: एक."

सिओ साहेब लाल झाले. "कोण हा? मकावचं नाव धुळीला मिळवणारा? नाव द्या, आम्ही बघतो."

"शोध चालू आहे," मिसेस टोबायस म्हणाल्या. चेहरा एखाद्या देवळासारखा गंभीर. "आमच्या पोलिसांनी बेट पिंजून काढलंय. भर दुपारीसुद्धा स्वस्थ बसत नाहीत. बंदराजवळचं एक खानावळीचं दुकान तर ते रोज तपासतात."

आणि मान वळवून, ओठ न हलवता, मला इंग्रजीत म्हणाल्या, "खारा मासा अप्रतिम आहे." म्हणजे बाईंना माझं इंग्रजी पहिल्यापासून ठाऊक होतं.

"चारचा आकडा! मी सांगत होतो!" सिओ साहेब कुजबुजले. मग मोठ्याने, "थिमशेठ, आपण व्यापारी मंडळींना आमच्या वतीने कडक समज द्या. माणसं पाठवाल ती परत येणारी पाठवा."

"देतो, साहेब," मी म्हटलं. "आजच देतो."

पायऱ्या उतरून झाडाखाली उभा राहिलो आणि फोन लावला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच. मागे भांड्यांचा, माणसांचा गलका होता. फोन आईनेच उचलला.

"आ-मा, सरकारने तुला कडक समज द्यायला सांगितलंय."

"मग दे की," ती म्हणाली. "पण लवकर दे, कढईत भात आहे, आणि पोलीस खोळंबलेत."